पाच आणि आठ : विश्वाच्या घडणीतील दोन रिकाम्या जागा

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. त्यांची एकूण संख्या एकापासून पुढे मोजत गेले की एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. एक कण म्हणजे साधा हायड्रोजन आणि दोन कण म्हणजे जड हायड्रोजन, अर्थात ड्युटेरियम. तीन कणांचा हेलियम-३ टिकाऊ आहे आणि चार कणांचा नेहमीचा हेलियम तर अतिशय भक्कम आहे. सहा आणि सात कणांचे लिथियम, नऊ कणांचे बेरिलियम, दहा-अकरा कणांचे बोरॉन, बारा कणांचा कार्बन, अशी ही रांग पुढे चालू राहते. या रांगेत पाच आणि आठ या दोन जागा मात्र रिकाम्या आहेत. पाच कणांची जोडणी होते न होते तोच ती विखुरते, आणि आठ कणांचे बेरिलियम-८ जन्मते ते सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागापेक्षाही पुष्कळ आधी दोन हेलियम केंद्रकांत दुभंगते.

ज्या महास्फोटातून (बिग बँग) विश्वाचा आरंभ झाला त्याच्या पहिल्या क्षणी काय घडले, या प्रश्नाचे आकर्षण मोठे आहे. परंतु आपल्या अवतीभवतीचे द्रव्य कसे घडले हे समजून घ्यायचे असेल, तर या दोन रिकाम्या जागांकडे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. विश्वात हायड्रोजन आणि हेलियम यांच्या पलीकडे काही आहे, कार्बन, प्राणवायू, लोखंड, सोने आहे, याचा अर्थ निसर्गाने पाच आणि आठ या जागा कोठेतरी ओलांडल्या आहेत. कोठे आणि कशा, हे कळायला शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. दूरच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितक्या अधिक दूर तितक्या अधिक वेगाने जात आहेत, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. त्याच्या दोन वर्षे आधी बेल्जियममधील धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले होते. आज जे पसरत आहे ते पूर्वी जवळ होते, आणि वायू दाबला की जसा तापतो तसे ते तापलेलेही असणार. या तापलेल्या काळाची खूण १९६४-६५ मध्ये अमेरिकेतील आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सापडली. आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून येणारे हे क्षीण सूक्ष्मलहरींचे प्रारण विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळे झाले होते, आणि प्रसरणामुळे निवत निवत ते आता निरपेक्ष शून्याच्या अवघे २.७ अंश वर आले आहे.

त्याहून मागे गेले की आपण मिनिटांच्या हिशेबात येतो. विश्व एका सेकंदाचे असताना तापमान सुमारे १००० कोटी केल्विन होते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे एकमेकांत चालू असलेले रूपांतर त्या सुमारास थांबले, आणि न्यूट्रॉन थोडा जड असल्यामुळे तो संख्येने कमी उरला. दोन्ही कण लगेच जोडले जायला हवे होते, परंतु तसे झाले नाही. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांतून बनणारा ड्युटेरियम फार दुबळा असतो आणि त्या काळी प्रत्येक द्रव्यकणामागे शंभर कोटींहून अधिक प्रकाशकण होते. सरासरी तापमान उतरले तरी त्यांतले मोजके प्रखर प्रकाशकण बनलेला ड्युटेरियम फोडून टाकायला पुरेसे होते. तापमान १०० कोटी केल्विनच्या खाली येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, ही अडवणूक चालू राहिली. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत क्षय पावतो, त्यामुळे या प्रतीक्षेत काही न्यूट्रॉन नाहीसे झाले आणि साधारण सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला.

पुढचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. चौदा प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन घेतले. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून एक हेलियम झाला आणि बारा प्रोटॉन, म्हणजे बारा हायड्रोजन, शिल्लक राहिले. सोळा कणांपैकी चार कण हेलियमात गेले, म्हणजे वजनाने पंचवीस टक्के. ज्या दीर्घिकांतील वायूत ताऱ्यांची भेसळ फारच कमी झालेली आहे तेथे हेलियमचे प्रमाण मोजले की ते याच आकड्याच्या अगदी जवळ येते. इतक्या साध्या हिशेबातून निघालेला आकडा आकाशात जसाच्या तसा सापडावा, हा महास्फोटाच्या बाजूचा मला सर्वांत समाधान देणारा पुरावा वाटतो.

जॉर्ज गॅमॉव्ह आणि त्यांचे विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी १९४८ मध्ये मांडलेली कल्पना याहून पुढे जाणारी होती. त्यांच्या मते सर्वच मूलद्रव्ये या पहिल्या काही मिनिटांत, एकेक न्यूट्रॉन गिळत, पायरीपायरीने बनली. ही शिडी पाचव्या पायरीवरच मोडते. हेलियमात एक कण घातला तर पाच होतात, आणि पाच टिकत नाहीत. दोन हेलियम जोडले तर आठ होतात, आणि आठही टिकत नाहीत. वळसा घालून थोडेसे लिथियम बनले, पण तेही नाममात्र. शिवाय वेळ हातातून निसटत होता. हेलियम बनला तेव्हा विश्वातील नेहमीचे द्रव्य आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कितीतरी विरळ झालेले होते, आणि प्रत्येक मिनिटाला ते अधिक थंड, अधिक विरळ होत होते. वीसेक मिनिटांत सारे थांबले. त्यानंतर कोट्यवधी वर्षे विश्वात हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा अंश याखेरीज दुसरे कोणतेही मूलद्रव्य नव्हते.

उरलेले काम ताऱ्यांनी केले. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या ज्या महास्फोटाजवळ नव्हत्या, एक घनता आणि दुसरी सवड. यांपैकी सवड कोठून आली हे आपल्या सूर्याकडे पाहून कळते.

सूर्य कशाचा बनला आहे हे ठरायलाही वेळ लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, आणि गुंटूर येथे आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात ठळक रेषा पाहिल्या. आपल्याकडे हेलियमच्या शोधाचा मान विजयदुर्ग किल्ल्याला दिला जातो आणि तेथे त्या दिवशी हेलियम दिनही साजरा होतो. परंतु ज्या नॉर्मन लॉकयर यांचे नाव या शोधाशी जोडलेले आहे ते त्या दिवशी भारतात नव्हते. ग्रहण नसतानाही अशा ज्वालांचा वर्णपट घेता येतो हे त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून दाखवले, आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही, तर एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची आहे या निष्कर्षापर्यंत ते पुढे पोहोचले. कोकणच्या प्रेमापोटीही हा तपशील बदलू नये असे मला वाटते. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडले.

वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान आणि घटक कसे ओळखावे, याची किल्ली मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणाने मिळाली. ती वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे प्रामुख्याने हायड्रोजनचेच असल्याचे आपल्या प्रबंधात दाखवले. ज्येष्ठांच्या आग्रहामुळे हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे त्यांना त्याच प्रबंधात लिहावे लागले. काही वर्षांतच तो खरा ठरला.

चार हायड्रोजन केंद्रकांच्या एकत्रित वजनापेक्षा एका हेलियम केंद्रकाचे वजन सुमारे ०.७ टक्के कमी भरते. ही तूट ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते, आणि सूर्याला पुरणारे इंधन हेच असावे असा तर्क आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्येच केला होता. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातले ४० लाख टनांहून अधिक द्रव्य ऊर्जा होऊन निघून जाते. याला आपण सवयीने ‘जळणे’ म्हणतो. लाकूड जळते तेव्हा अणू केवळ आपले जोडीदार बदलतात, येथे अणूंची केंद्रकेच बदलतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे तो शब्द वापरायला हरकत नाही.

हे आकडे ऐकून सूर्य म्हणजे अखंड फुटत असलेला हायड्रोजन बॉम्ब आहे असे चित्र मनात उभे राहते. ते चित्र चुकीचे आहे. सूर्याची एकूण ऊर्जा त्याच्या एकूण वजनाने भागली तर दर किलोमागे एका वॅटचा सुमारे पाच हजारावा भाग एवढीच शक्ती निघते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलोमागे एका वॅटहून अधिक उष्णता देते, म्हणजे वजनाच्या मानाने आपण सूर्यापेक्षा हजारो पट अधिक उष्णता निर्माण करतो. सूर्य प्रखर आहे तो त्याच्या प्रचंड आकारामुळे. त्याच्या गाभ्यातली प्रक्रिया अतिशय संथ आहे.

हा संथपणा दोन कारणांनी येतो. दोन प्रोटॉन धनभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात, आणि सूर्याच्या गाभ्यातले दीड कोटी केल्विन तापमानही हा विरोध थेट मोडून काढायला अपुरे आहे. क्वांटम भौतिकीच्या नियमांनुसार मात्र कणाला क्वचित प्रसंगी डोंगर न चढता त्यातून आरपार जाता येते. हे १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी किरणोत्साराच्या संदर्भात दाखवले, आणि रॉबर्ट ॲटकिन्सन व फ्रिट्झ हाउटरमन्स यांनी १९२९ मध्ये तोच विचार ताऱ्यांना लावला. दुसरे कारण अधिक निर्णायक आहे. दोन प्रोटॉन भेटले तरी दोन प्रोटॉनांचे केंद्रक टिकत नाही. त्या निमिषमात्र भेटीतच एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, तेव्हा कोठे ड्युटेरियम बनतो, आणि हे रूपांतर निसर्गातल्या ज्या बलामुळे होते त्याचे नावच दुर्बल बल असे आहे. परिणामी सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला या पहिल्या पायरीसाठी सरासरी ९०० कोटी वर्षे किंवा त्याहून अधिक वाट पाहावी लागते. पुढची पायरी, म्हणजे ड्युटेरियमने आणखी एक प्रोटॉन घेऊन हेलियम-३ होणे, काही सेकंदांत उरकते. दोन हेलियम-३ मिळून एक हेलियम होतो आणि दोन प्रोटॉन परत मिळतात. हान्स बेथ यांनी १९३८-३९ मध्ये ही साखळी, आणि अधिक वजनदार ताऱ्यांत कार्बनच्या मध्यस्थीने चालणारी दुसरी साखळी, तपशिलाने मांडली. गाभ्यात खरोखर हेच चालले आहे याची साक्ष न्यूट्रिनो नावाचे कण देतात. ते गाभ्यातून थेट बाहेर पडतात आणि आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला हजारो कोटींच्या संख्येने आरपार जातात. त्या पहिल्या, संथ पायरीतून निघालेले न्यूट्रिनो इटलीतील ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत टिपले गेल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले.

दुर्बल बल थोडे कमी दुर्बल असते तर सूर्य कधीच संपून गेला असता. ४६० कोटी वर्षे तेवत राहण्याची आणि पुढे आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरण्याची त्याची क्षमता या एका कठीण पायरीवर अवलंबून आहे.

आता पुन्हा पाच आणि आठकडे वळू. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो, आणि तारा बाहेरून फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. गाभ्यात आता निव्वळ हेलियम असतो. तापमान १० कोटी केल्विनवर जाते आणि चमचाभर द्रव्याचे वजन पन्नास किलोहून कितीतरी अधिक भरेल एवढी घनता होते. अशा गर्दीत दोन हेलियम सतत एकमेकांवर आदळतात आणि बेरिलियम-८ सतत बनत आणि मोडत राहते. मोडणे थांबत नसले तरी बनणेही थांबत नसल्यामुळे कोणत्याही क्षणी थोडेसे बेरिलियम-८ शिल्लक असतेच. एडविन सॉलपीटर यांनी १९५२ मध्ये दाखवले की या अत्यल्प साठ्यावर तिसरा हेलियम येऊन आदळला तर बारा कणांचा कार्बन तयार होऊ शकतो. आठ ही जागा रिकामीच राहते, पण तिच्यावरून उडी मारता येते. महास्फोटानंतरच्या विरळ आणि निवत चाललेल्या द्रव्यात ही तिहेरी भेट जवळपास अशक्य होती.

हिशेब करून पाहिला तेव्हा या मार्गाने बनणारा कार्बन फारच थोडा भरला, आणि जो बनेल तोही आणखी एक हेलियम घेऊन प्राणवायू होऊन जाणार होता. इंग्लंडचे फ्रेड हॉइल १९५३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत आले होते, तेव्हा त्यांनी विचाराची दिशाच उलटी केली. विश्वात कार्बन भरपूर आहे हे उघड सत्य आहे, तेव्हा ही प्रक्रिया पुरेशा वेगाने होत असलीच पाहिजे. तसे व्हायचे असेल तर कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेवर एक उत्तेजित अवस्था असायला हवी. सतारीची एक तार छेडली की तिच्याशी जुळलेली तरफेची तार आपोआप झंकारते. त्याचप्रमाणे येणाऱ्या कणांची ऊर्जा केंद्रकाच्या एखाद्या अवस्थेशी जुळली की त्यांचे एकत्र येणे अनेक पटींनी वाढते. अशी अवस्था तोवर निश्चितपणे कोणाला ठाऊक नव्हती. हॉइल यांनी तेथील केंद्रकीय प्रयोगशाळेतल्या विल्यम फाउलर यांना ती शोधायला सांगितले. फाउलर यांना प्रथम विश्वास वाटला नाही, पण वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि ती अवस्था सांगितलेल्या जागीच सापडली. आज तिला हॉइल अवस्था म्हणतात.

ही अवस्था गाठल्यावरही काम सहज होत नाही. अशा सुमारे अडीच हजार केंद्रकांपैकी एखादेच स्थिर कार्बन होते, बाकीची पुन्हा तीन हेलियमांत मोडतात. दुसरीकडे, प्राणवायूच्या केंद्रकाची जवळची अवस्था आवश्यक ऊर्जेच्या जराशी खाली आहे, त्यामुळे सारा कार्बन प्राणवायूत विरून जात नाही. या दोन जागा थोड्या इकडेतिकडे असत्या तर विश्वात कार्बन आणि प्राणवायू यांचे आजचे प्रमाण राहिले नसते. यावरून तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही, की ताऱ्याच्या पोटाविषयी केलेल्या तर्कावरून प्रयोगशाळेतल्या केंद्रकाचा अज्ञात गुणधर्म अचूक सांगता आला.

हॉइल यांचे नाव मराठी वाचकांना डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून परिचित आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी केंब्रिजला हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी केली. गुरुशिष्यांपैकी कोणीही महास्फोटाची कल्पना अखेरपर्यंत स्वीकारली नाही. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या सिद्धान्ताच्या बाजूने ते उभे राहिले. पुरावा आज त्यांच्या बाजूने नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु महास्फोटाला जड मूलद्रव्ये बनवता येत नाहीत, ती ताऱ्यांतच बनली पाहिजेत, या आग्रहातून हॉइल यांनी जे उभे केले ते टिकून राहिले. मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल यांचा १९५७ चा विस्तृत शोधनिबंध या विषयाचा पाया मानला जातो. फाउलर यांना १९८३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात हॉइल यांचे नाव नव्हते, आणि ते असायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

तारे खरोखरच मूलद्रव्ये घडवतात याचा थेट पुरावा त्याआधीच, १९५२ मध्ये, पॉल मेरिल यांना मिळाला होता. काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना टेक्निशियम दिसले. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे आणि त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. शेकडो कोटी वर्षांच्या ताऱ्यात ते दिसते, याचा अर्थ ते तेथेच, अलीकडेच बनलेले आहे.

कार्बननंतरचा प्रवास मोठ्या ताऱ्यांत झपाट्याने होतो. सूर्याच्या सुमारे पंचवीस पट वजनाचा तारा हायड्रोजनवर सत्तरएक लाख वर्षे काढतो, कार्बनवर सहाशेएक वर्षे, प्राणवायूवर काही महिने आणि सिलिकॉनवर साधारण एक दिवस. शेवटी लोखंडाच्या आसपासची केंद्रके उरतात. ती इतकी घट्ट बांधलेली असतात की त्यांना जोडून किंवा फोडून ऊर्जा मिळत नाही. आधार गेलेला गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि ताऱ्याचा अतिनवतारा होतो, म्हणजे प्रचंड स्फोट होतो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठा मॅगेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतील अशा स्फोटाचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशिया येथील उपकरणांत मिळून दोन डझनांच्या आसपास टिपले गेले. पुढचे कित्येक महिने त्या स्फोटाचा उजेड कोबाल्ट-५६ च्या क्षयाच्या गतीनेच, म्हणजे ७७ दिवसांत निम्मा या हिशेबाने, मंदावत गेला. त्या कोबाल्टचे लोखंड होत होते, आणि ते दूर बसलेल्या माणसांना मोजता येत होते.

सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांच्यासाठी न्यूट्रॉनांचा वर्षाव लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे कोसळलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांत मिसळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी प्रथम पोहोचल्या, सुमारे दोन सेकंदांनी गॅमा किरण आले, आणि नंतरच्या प्रकाशात नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही या घटनेच्या मागे उरलेल्या रेडिओलहरींचा मागोवा घेतला. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारण्याला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

ताऱ्यांनी पाच आणि आठ या जागा ओलांडल्या, पण ओलांडताना मधली मूलद्रव्ये मागे राहिली. हेलियमवरून थेट कार्बनवर उडी पडल्यामुळे लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या तिघांना ताऱ्याच्या या वाटेवर जागाच मिळाली नाही. उलट, गाभ्याच्या तापमानाला तारे त्यांना नष्ट करतात. म्हणून विश्वातील मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आलेख काढला की हायड्रोजन-हेलियमच्या उंच कड्यानंतर एक खोल दरी दिसते आणि पलीकडे कार्बन, नायट्रोजन, प्राणवायू पुन्हा वर येतात. दरीत जे थोडे आहे त्यातल्या बेरिलियमचा उगम जोडण्यात नसून मोडण्यात आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे विश्वकिरण कार्बन आणि प्राणवायूच्या केंद्रकांवर आदळतात, तेव्हा त्यांच्या ठिकऱ्यांमधून नऊ कणांचे बेरिलियम उरते. नवरत्नांतला पाचू हे बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे संयुग आहे. त्यातले शेवटचे तीन ताऱ्यांत घडले, आणि पहिले, ज्याला बेरिल या त्या खनिजाच्या कुळावरूनच नाव मिळाले, ते कोणत्याही ताऱ्याच्या भट्टीबाहेर, मोकळ्या अवकाशात.